उन्हाची बेगमी

रत्नागिरीला जाणारे बहुतेक लोक तिथली संध्याकाळ बघायला जातात. मांडवीच्या जेटीवर, भाट्याच्या पुळणीत, थिबा पॉइंटच्या कठड्याशी साडेपाचपासूनच माणसं जमू लागतात. भेळ, सरबत, मुलांची पळापळ, आणि सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. सूर्य पाण्याला टेकला की मोबाइल वर होतात, तो बुडाला की गाड्या सुरू होतात. ती संध्याकाळ मलाही आवडते. पण या गावावर माझा जीव जडला तो दुपारी. वैशाखातली एक ते तीनची वेळ. पाहुणे पंख्याखाली आडवे झालेले, डांबर मऊ पडलेलं, समुद्राकडे उघड्या डोळ्यांनी बघवत नाही. त्या वेळी रत्नागिरीतलं ऊन कामाला लागलेलं असतं. अंगणातली बाई, बंदरावरची मासळीवाली, बागेतला गडी, जो तो त्याच्याकडून काही ना काही करून घेत असतो.

देशावर वाढलेल्या माणसाला ऊन नवं नाही. पण देशावरचं ऊन कोरडं. सावलीत शिरलं की ते बाहेरच राहतं. आंबा घाट उतरून साखरप्याच्या पुढे आलं की हवा जड होते. पारा सोलापूर-नगरपेक्षा पुष्कळ खाली असतो, तरी घाम वाळत नाही. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो, तेवढाच दिलासा. अशा हवेत काही वाळवायचं म्हणजे कसब लागतं. हवेतच पाणी असताना फळातलं, मासळीतलं पाणी काढून घ्यायचं, तर उन्हाचा एक प्रहरही वाया घालवून चालत नाही. आणि पुढे पावसाळा उभा असतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मिरग लागला की कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, पापडाला बुरशी धरते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. पूर्वी किनाऱ्यावरच्या बोटीही पावसाळ्यात बंद व्हायच्या. घाटाकडून तुटलेलं आणि समुद्राकडूनही बंद झालेलं हे गाव ते चार महिने स्वतःच्या साठवणीवर काढायचं. ती साठवण एप्रिल-मेच्या उन्हाने करून द्यायची.

पावसच्या वाटेवर एका वाडीत मी उतरतो. जांभ्याच्या चिऱ्यांचं घर, पुढे शेणाने सारवलेलं अंगण आणि अंगणभर मांडव. हा मांडव पावसाळा संपला की उभा राहतो आणि पुढचा पाऊस आला की उतरतो. खांबांवर आडव्या वासांची चौकट आणि वर माडाची झापं. खाली सावलीत घरातली माणसं, सुपारी सोलणं, गप्पा, दुपारची झोप. वर उन्हात वाळवण. एकाच मांडवाने खाली सावली द्यायची आणि वर ऊन धरायचं, ही योजना मला फार शहाणपणाची वाटते. तिथल्या काकी दुपारी जेवणं उरकली की डोक्याला पदर बांधून शिडीने वर जातात. त्यांना कुणी सांगितलं की जरा पडा, तर म्हणतात, “आत्ता पडून कसं चालेल? आषाढात ऊन मागायला कुणाकडे जाऊ?”

त्यांच्या मांडवावर पहिला मान आमसुलांचा. लाल झालेले रातांबे झाडावरून काढायचे, फोडायचे, बिया आणि गर वेगळा करायचा, सालं उन्हात पसरायची. बियांच्या भोवतीचा आंबट रस मीठ घालून एका भांड्यात राखून ठेवायचा. दिवसभर वाळलेली सालं त्या रसात बुडवायची आणि पुन्हा उन्हात घालायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. साल रस पिते, ऊन पाणी काढून घेतं आणि आंबटपणा मागे ठेवतं. अशी पुटं चढत चढत साल काळपट जांभळी आणि चिवट होते. त्या आमसुलावर वर्षभराची आमटी आणि सोलकढी निघते. काही सालं साखर भरून बरणीत जातात आणि ती बरणी उन्हात उभी राहते. विस्तव न लावता तिच्यात सरबताचा पाक तयार होतो. बियासुद्धा फुकट जात नाहीत. त्या वाळवून, कुटून, उकळून जे घट्ट तेल निघतं ते मुठीत दाबून गोळे करतात. थंडीत भेगाळलेल्या टाचांना ते मुठेल लावायचं.

मग आंबापोळी. तिला हापूस लागत नाही. रायवळ आंबा लागतो, बिटकीचा, दाट रसाचा, बाजारात ज्याला भाव नाही तो. रस गाळून, किंचित साखर घालून तुपाचा हात लावलेल्या ताटांत ओतायचा. वरून पातळ कपडा. एक थर सुकला की दुसरा. कडा सुटू लागल्या की उलटायची. फणसपोळी बरक्या फणसाची. काप्या फणसाचे गरे तळायला आणि कच्च्याचे पापड. एका कोपऱ्यात सुपारी, एका कोपऱ्यात पोह्याचे पापड, सांडगी मिरच्या. प्रत्येक गोष्टीला किती ऊन लागतं ते काकींना ठाऊक आहे. काहींना करकरीत ऊन, काहींना कपड्याआडचं, काहींना नुसती गरम हवा. उन्हाची एवढी बारीक ओळख मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. पोळी बोटाने दाबून “अजून एक ऊन हवं” असं त्या म्हणतात तेव्हा दिवसाचं मोजमाप घड्याळाकडून त्यांच्या हातात आलेलं असतं. एक ऊन, दोन उन्हं, चार उन्हं.

हेच मोजमाप मिरकरवाड्याच्या बंदरातही चालतं. रत्नदुर्गाच्या पायथ्याशी, भगवतीच्या देवळाखाली हे बंदर. पहाटे लिलावाची गर्दी असते. बर्फाचे डबे, टेम्पो, पापलेट आणि सुरमईवरच्या बोली. परगावचा माणूस तेवढं बघून परततो. उन्हं चढली की मात्र बंदराचा दुसरा बाजार भरतो, माणसांचा कमी आणि मासळीचा जास्त. मोकळ्या जागेत जवळा पसरलेला असतो, सोललेल्या कोळंबीचे सोडे लालसर होत असतात, मीठ भरलेले बांगडे रांगेत पडलेले असतात. राखणीला बसलेल्या बायकांत खारवी असतात, भंडारी असतात, दालदी मुसलमान असतात. हातात काठी, कावळ्यांवर आणि मांजरांवर नजर. एका मावशींच्या शेजारी जरा बसलो, तर त्यांनी मला वाळलेला जवळा मुठीत घेऊन दाखवला. मुठीत घट्ट दाबला आणि सोडला. तो खळखळत सुटा झाला. “असा आवाज आला पाहिजे. नाय आला तर श्रावणापर्यंत पोचत नाय,” त्या म्हणाल्या. पुढे समुद्र बंद झाला की भातावर याच जवळ्याची चटणी, वांग्यात याच सोड्यांचं कालवण. पावसाळ्यातल्या कोकणी जेवणाची चव उन्हाळ्यातच ठरलेली असते.

आंब्याचं आणि उन्हाचं नातं इतकं सरळ नाही, आणि म्हणूनच ते मला अधिक खोल वाटतं. रत्नागिरीचा हापूस ज्या कातळावर उभा आहे तिथे मुळात माती नाही. सुरुंगाने जांभा फोडायचा, खड्डा करायचा, बाहेरून माती आणून भरायची, कलम लावायचं आणि पहिली काही वर्षं पाणी वाहून नेऊन ते जगवायचं. गोळप, पावस, गणेशगुळे या पट्ट्यातले हिरवे डोंगर असे हाताने तयार झालेले आहेत. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्या मानांकनात हे सुरुंग, ही डोक्यावरून वाहिलेली माती आणि हे पाणी सगळं आलं असं मी समजतो. मोहोर धरायला थंडी लागते आणि फळ भरायला ऊन. पण तेच ऊन जास्त झालं तर फळात साका होतो. बाहेरून आंबा निर्दोष, सोनेरी, वासाचा. कापला की कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. फळ न कापता तो ओळखता येत नाही. तापलेल्या कातळावरून परत वर येणारी धग हे त्याचं एक कारण अभ्यासकांनी सांगितलं आहे. म्हणून जाणते बागायतदार झाडाखाली गवताचा थर घालतात, काढणी सकाळी ऊन चढायच्या आत उरकतात आणि काढलेलं फळ क्षणभरही उघड्यावर राहू देत नाहीत. आंबे काढायची घळ वर जाते, देठासकट आंबा अलगद जाळीत उतरतो, गडी तो हातोहात सावलीत पोचवतो. तिथून पेंढ्याच्या आढीत, आढीतून पेटीत, पेटीतून वाशीच्या बाजारात. या कामात आता नेपाळहून आलेली माणसंही असतात. मोसमभर बागेत झोपडीत राहून राखण करतात. डोंगरातल्या थंडीतून आलेला त्यांच्यातला एखादा मुलगा रत्नागिरीच्या मे महिन्यात झाडावर चढलेला पाहिला की आपल्या हातातल्या फळाचा खरा भाव कळतो.

झाडावर असेपर्यंत उन्हात आणि झाडावरून उतरल्यावर सावलीत, ही शिस्त त्या वाडीतल्या मोठ्या माणसांनी मला समजावून सांगितली. पिकवणारं ऊन कुठपर्यंत घ्यायचं आणि कुठे थांबवायचं, यातच त्यांची सगळी विद्या आहे.

ज्या कातळाला आपण नापीक म्हणतो त्याचा जन्मही ऊन आणि पाऊस यांच्या आलटून पालटून येण्यातून झालेला आहे. मूळचा काळा बेसॉल्ट. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली, उष्णतेने आणि हवेने लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे ठेवली, आणि तांबडा, सच्छिद्र जांभा तयार झाला. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली केरळातल्या अंगाडीपुरमच्या अशाच दगडाचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा त्याला या दगडाचा एक गुण मुख्यत्वे जाणवला होता: खाणीतून निघताना तो मऊ असतो आणि उघड्या हवेत राहिला की कठीण होतो. आपल्याकडच्या चिरेखाणीतल्या कामगाराला हे कुणी शिकवावं लागत नाही. ताजा चिरा तासता येतो, काही काळ उन्हावाऱ्यात राहिला की त्याच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहतात. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर, वाडीवाडीतले गडगे, उतरत्या पाखाड्या, विहिरींची बांधणी, सगळं या उन्हाने पक्कं केलेल्या दगडाचं.

रत्नागिरीच्या आसपासच्या सड्यांवर गेलं की हा दगड उघडा भेटतो. लांबच लांब सपाट, तांबूस काळा, झाडाचं नाव नाही. सरकारी दप्तरात अशा जमिनीला पोटखराबा म्हणून नोंदतात. पण पावसाळ्यात याच सड्यावर इवल्या रानफुलांचे गालिचे पडतात, गुरांना चारा मिळतो, आणि सच्छिद्र कातळातून झिरपलेलं पाणी खालच्या वाड्यांच्या विहिरींना पुढे महिनोन्‌महिने पुरतं. आणि याच सड्यांवर माणसाने इतिहासपूर्व काळात चित्रं कोरून ठेवली आहेत. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे. गुराख्यांना ती कायमच माहीत होती. कुणी ती पांडवांची मानली, कुणी देवाची. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव सडे पायी तुडवून, गावकऱ्यांना विचारून, गवत-माती बाजूला करून ही चित्रं जगापुढे आणली. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली.

कशेळीच्या सड्यावर एका हत्तीची आकृती आहे, सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. त्या एका हत्तीच्या पोटात, पायांत, आसपास इतर प्राणी, पक्षी, मासे कोरलेले आहेत. आज कोकणाच्या या भागात रानटी हत्तींचा वावर नाही. कोरणाऱ्याने मात्र तो पाहिलेला असणार, किंवा पाहिलेल्या कुणाकडून ऐकलेला. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा असलेला माणूस आहे. या चित्रांपाशी भर दुपारी उभं राहिलं तर रेषा जवळजवळ दिसत नाहीत. ऊन सरळ पडतं, खाचेत सावली राहत नाही, सगळा कातळ एकसारखा चमकतो. सकाळी लवकर किंवा दिवस कलताना ऊन तिरपं झालं की प्रत्येक खाचेच्या एका काठाला सावली धरते आणि पायाशी हत्ती उभा राहतो. तिथे उभं असताना मला वाटलं की ज्यांनी हे कोरलं त्यांनाही उन्हाचं वेळापत्रक नक्की ठाऊक असणार. जे काम दुपारी दिसत नाही ते त्यांनी सकाळ-संध्याकाळच्या उजेडाच्या भरवशावर केलं. मांडवावरच्या काकी आणि सड्यावरचा तो कोरणारा यांच्यात काही हजार वर्षांचं अंतर आहे. उन्हाकडे बघण्याची नजर मात्र एकाच घराण्यातली वाटते.

आणि त्याच कशेळीत सूर्याचं देऊळ आहे. कनकादित्य. सांगतात की प्रभासपट्टणाकडून निघालेल्या एका व्यापाऱ्याच्या गलबतात आदित्याची मूर्ती होती. कशेळीच्या समुद्रात ते गलबत अडलं, काही केल्या हलेना. मूर्ती किनाऱ्यावरच्या घळीत ठेवली तेव्हा कुठे ते पुढे गेलं. गावातल्या कनका नावाच्या कलावंतिणीला स्वप्नात दृष्टांत झाला, तिने गावकऱ्यांना सांगितलं, मूर्ती वर आणली गेली, आणि देवाच्या नावात तिचं नाव कायमचं राहिलं. देवाला स्वतःच्या नावाआधी भक्तिणीचं नाव लावणारं हे गाव मला फार जवळचं वाटतं. देवळाकडे शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला, बाराव्या शतकातला ताम्रपट आहे. रथसप्तमीला इथे मोठा उत्सव असतो. कालिकावाडीची कालिकादेवी पालखीतून कनकादित्याच्या भेटीला येते. त्या दिवसांत आंब्यांवर मोहोर असतो, उन्हाला धार येऊ लागलेली असते. पुढच्या चार महिन्यांच्या सगळ्या कामाची सुरुवात जणू या भेटीने होते. ज्याच्या जिवावर घर चालतं त्याला नमस्कार करून कामाला लागायचं, हा मला साधा आणि पुरेसा धर्म वाटतो.

पण ऊन सगळ्यांना सारखं लाभत नाही. थिबा राजवाड्याच्या व्हरांड्यात उभं राहिलं की हे लक्षात येतं. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांकडून हरला. त्यांनी त्याला हद्दपार केलं, आधी मद्रासला आणि मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला. रेल्वे नाही, घाट अवघड, पावसाळ्यात बोटी बंद. राजाला त्याच्या माणसांपासून तोडून ठेवायला इंग्रजांना याहून सोयीची जागा मिळाली नसती. भाट्याच्या खाडीवरच्या उंचवट्यावर त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला. उतरती छपरं, अर्धवर्तुळाकार नक्षीदार खिडक्या, रंगीत काचा. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला आणि इथेच त्याची समाधी आहे. तीस वर्षं. त्या तीस वर्षांत किती दुपारी त्या खिडक्यांच्या रंगीत काचांतून फरशीवर पडल्या असतील! रत्नागिरीच्या बाकी घरांत ऊन कामाला जुंपलेलं होतं. या घरात ते नुसतं सरकत होतं. पुढच्या ऋतूसाठी काही साठवावं, तर तो ऋतू आपल्या हातात असावा लागतो. तो त्याच्या हातात नव्हता.

आणि इतिहासाने इथे जी गाठ मारून ठेवली आहे ती मला कधीच विसरता येत नाही. १८५६ साली याच गावात जन्मलेले बाळ गंगाधर टिळक १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात होते, म्हणजे थिबाच्या राजधानीत. त्याच वर्षांत मंडालेचा राजा टिळकांच्या जन्मगावी नजरकैदेत होता. एकमेकांच्या गावात बंदिवान झालेले हे दोघे कधी भेटले नाहीत. टिळकांनी मंडालेच्या उकाड्यात, लाकडी कोठडीत, गीतारहस्य लिहिलं. पुढे १९२४ ते १९३७ या काळात इंग्रजांनी सावरकरांना रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध केलं, आणि त्याच मुक्कामात, १९३१ मध्ये, भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून सर्व जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर उभं राहिलं. लांब टाकलेल्या माणसाच्या वाट्याला दिवस सारखेच येतात. त्या दिवसांचं काही करता येणं ही वेगळी शक्ती असते, आणि ती कुणाला परिस्थितीने ठेवलेली असते, कुणाची हिरावून घेतलेली असते. थिबाला मी दोष देत नाही. त्याच्याकडून राज्य, भाषा, माणसं सगळं काढून घेतलं होतं. त्याची थोरली मुलगी ब्रह्मदेशातून पुन्हा रत्नागिरीला परतली, इथल्याच साध्या वस्तीत राहिली आणि १९४७ मध्ये इथेच वारली, हे कळल्यापासून तो राजवाडा बघताना माझं मन तिच्याकडेच जास्त जातं. बापाला जे गाव तुरुंग होतं ते तिचं घर झालं.

आज काळजी वाटते ती या उन्हाचा भरवसा उरेल की नाही याची. नोव्हेंबर २००९ चं फयान वादळ, जून २०२० चं निसर्ग, मे २०२१ चं तौक्ते. तौक्ते ऐन आंब्याच्या हंगामात, ऐन वाळवणात आलं. झाडावरचा आंबा जमिनीवर, मांडव जमीनदोस्त. वादळं तरी बातमीत येतात. डिसेंबरातलं मळभ, फेब्रुवारीतला अवकाळी शिडकावा, मोहोरावरची बुरशी आणि तुडतुडे, हे नुसते बागायतदाराच्या वहीत राहतात. काकी म्हणतात, “आधी मिरग सांगून यायचा. आता मे महिन्यातच कधी झाकोळतं, आणि ताटं आत घ्यायला धावायचं.” घरात धावणारी माणसंही कमी झाली आहेत. मुलं मुंबई-पुण्यात आहेत. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्याने डोंगर ओलांडला, चाकरमान्याचं गाव एका रात्रीच्या अंतरावर आलं. येणं सोपं झालं तसं जाणंही सोपं झालं. मे महिन्यात घर भरतं, जूनमध्ये पुन्हा दोन म्हातारी माणसं उरतात आणि मागे भरलेल्या बरण्या.

सड्यांचंही तसंच. २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा गावकरी, त्यात पुष्कळ बायका, उन्हात त्या सड्यावर बसून राहिले. तिथल्या कातळशिल्पांचं काय होणार हा प्रश्नही त्या वेळी पुढे आला. विकास नको असं म्हणण्याचा अधिकार मला, पाहुण्याला, नाही. कोकणातल्या पोरांना काम हवं हे मला दिसतं. पण पोटखराबा या एका नोंदीखाली हजारो वर्षांची चित्रं, खालच्या विहिरींचं पाणी आणि गुरांचा चारा मोजायचे राहून जात असतील तर ती नोंद बदलायला हवी, एवढं मी ठामपणे म्हणेन. रिकामी दिसणारी जागा रिकामी असतेच असं नाही. ती बघण्याची वेळ चुकलेली असू शकते.

म्हणून रत्नागिरीला निघालेल्या प्रत्येकाला मी सांगतो: संध्याकाळ बघाच, आरे-वारेच्या वळणावर थांबा, गणपतीपुळ्याच्या डोंगराला प्रदक्षिणा घाला, मालगुंडला केशवसुतांचं घर बघा. पण एक दुपारही ठेवा. डोक्याला टोपी घाला, पाणी सोबत घ्या आणि बाहेर पडा. मिरकरवाड्यात सुक्या मासळीशी बसलेल्या मावशींना विचारून त्यांच्याशेजारी बसा. कुणाच्या अंगणात मांडवावर ताटं दिसली तर चौकशी करा. कोकणी माणूस आधी तुमचं गाव विचारेल, मग सरबत देईल, मग सगळं सांगेल. सड्यावर सकाळी लवकर जा, चित्रांवर पाय देऊ नका, वाट दाखवणाऱ्या गावातल्या मुलाला त्याच्या कामाचे पैसे द्या. परतताना हापूसच्या पेटीसोबत आमसुलं आणि रायवळाची आंबापोळी घ्या, आणि भाव करू नका. त्या पोळीच्या किमतीत कितीतरी उन्हं आणि तितक्याच वेळा शिडी चढलेली एक बाई आहे.

ऊन सगळ्या जगाला फुकट मिळतं. त्यातून चार महिन्यांचं अन्न, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी भिंत आणि हजारो वर्षं टिकणारी रेष करून ठेवायला माणसं लागतात. रत्नागिरीने अशी माणसं पिढ्यान्‌पिढ्या घडवली. त्यांच्या हातातलं हे ज्ञान त्यांच्याबरोबर संपू द्यायचं नसेल तर त्यांच्या कामाला मान आणि दाम दोन्ही मिळाले पाहिजेत, आणि ज्या जमिनीवर ते काम चालतं ती जमीन शाबूत राहिली पाहिजे. रत्नागिरीच्या उन्हात चार दिवस सुखाने हिंडून आलेल्या आपल्यासारख्यांवर एवढी जबाबदारी नक्कीच येते.